शेवंतीखालच्या चिठ्ठ्या

अंजनगाव सुर्जी,
१८ नोव्हेंबर २०२४

श्यामदादा,

शेवंतीच्या क्रेटमध्ये चिठ्ठी पाहून तुला वाटेल, फुलांचंच काही असेल. तसं नाही. दुकानात कोणी असेल तर आधी खिशात टाक आणि मग एकटा असताना वाच.

माझा मोठा फोन मी आईजवळ दिला आहे, कपाटात ठेवायला. तिला सांगितलं, डोळे दुखतात. खरं म्हणजे मी त्याच्यावर दिवसभर एकच गोष्ट शोधत होतो. घरातल्या साध्या फोनवर बोलावं तर बाबा समोर असतात. आणि मेसेज केला असता तर तुला दिवसातून पन्नास वेळा तेच विचारलं असतं. चिठ्ठी बरी. पहिल्या गाडीने अकोल्याला गेली की गेली, उत्तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या क्रेटमधूनच येणार.

दिवाळीआधी गावात कबड्डीचे सामने होते. परतवाड्याच्या संघात एक उंच पोरगा होता, सगळे त्याच्याकडेच पाहत होते, मीही पाहत होतो. एकदम मनात आलं, तू याच्याकडे असा काय पाहतोस? तू तसा तर नाहीस? बस, एवढंच. पण त्या दिवसापासून ते गेलं नाही. बसस्टँडवर माणूस दिसला की छातीत काही होतं का ते मी तपासतो. भीतीने धडधड होतेच, मग वाटतं हीच ती. मग खिशातून खुशीचा फोटो काढून पाहतो, काही वाटतं का. कधी वाटतं, कधी नाही. नाही वाटलं की जेवण जात नाही.

८ डिसेंबरला माझं आणि खुशीचं साक्षगंध आहे, अंगठ्या घालायच्या आहेत. तिच्या वडिलांनी, जानरावांनी, मूर्तिजापुरात हॉल घेतला, हार तुझ्याकडून यायचे आहेत. खुशी मला आवडते, दादा. निदान आवडत होती. आता तेही पक्कं सांगता येत नाही.

आपण मावसभाऊ, पण एका विहिरीत पोहलो, एका बाजेवर झोपलो. माझ्यात तुला कधी तसं काही दिसलं का? खरं सांग. आणि हा कागद फाडून टाक.

जीवन


अकोला,
१९ नोव्हेंबर

जीवन,

कागद फाडला. शेवंती चांगली होती, निशिगंध मात्र मऊ आला, तुझ्या बाबांना सांग अजून थोडी कळी असताना तोडा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी कसं देऊ? विहिरीत तर तू पाण्याला घाबरून माझ्या मानेला लोंबकळायचास, तेव्हा मला माझ्याच जिवाची पडलेली असायची. पण मस्करी बाजूला. एवढंच सांग, कोणी आहे का? कोणी एखादा, ज्याची आठवण येते? काहीही असलं तरी मी तुझ्या बाजूने आहे.

श्याम


अंजनगाव सुर्जी,
२१ नोव्हेंबर

श्यामदादा,

कोणी नाही. त्या कबड्डीवाल्याचा चेहरासुद्धा आता आठवत नाही. पण तू 'काहीही असलं तरी' असं का लिहिलंस? दोन दिवस तेवढेच शब्द वाचतोय. तुला काही दिसलं आहे आणि तू लपवतो आहेस का?

काल सकाळी शेवंती तोडताना शेजारच्या शेतातला गडी अंगातली बंडी काढून उभा होता. मी पाठ फिरवली, मग वाटलं पाठ का फिरवलीस, म्हणून परत पाहिलं, मग का पाहिलंस म्हणून पुन्हा पाठ. असं करता करता ऊन वर आलं. बाबा म्हणाले, "फुलं तोडून राहिला का गिरक्या मारून राहिला?"

तसं निघालं तर घराचं वाटोळं होईल, दादा. असल्या माणसाने लग्न करू नये, तोंडही दाखवू नये, असं मला वाटतं. तू समजून घे.

जीवन


अकोला,
२४ नोव्हेंबर

जीवन,

उत्तराला तीन दिवस लागले, कारण तीनदा लिहून फाडलं.

इथे माझ्या ओळखीचा एक जण आहे. त्यालाही तुझ्यासारखंच वाटायचं, की घराचं वाटोळं होईल. वाटोळं झालं नाही. तो काम करतो, जेवतो, झोपतो, आणि ज्याच्यासोबत राहावंसं वाटलं त्याच्यासोबत राहतो. तोंडही दाखवतो, आणि लोक त्याच्याकडून हार घेतात. त्यामुळे तू असं काही लिहू नकोस.

पण खुशीला फसवू नकोस. मनात हे असताना त्या पोरीच्या गळ्यात हार घालणं बरोबर नाही. साक्षगंध पुढे ढकल. तुझ्या बाबांना काय सांगायचं ते मी पाहतो. माणूस जे असतो ते मान्य केलं की अर्धी भीती तिथेच संपते, हे मी ऐकीव सांगत नाही.

श्याम


अंजनगाव सुर्जी,
१० डिसेंबर २०२४

श्यामदादा,

तुझी २४ तारखेची चिठ्ठी आली त्या दिवसापासून मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. तू हॉलमध्ये हार घेऊन बसला होतास हे आईने सांगितलं. ते पाण्यात ठेवलेले हार तू परत अकोल्याला नेलेस हेही सांगितलं.

आम्ही सगळे गाडीने निघालो. दर्यापूरला चहाला थांबलो. मी लघवीला म्हणून गेलो आणि मागच्या रस्त्याने शकुंतला रेल्वेच्या बंद स्टेशनावर जाऊन बसलो. रुळांत बाभळी उगवल्या आहेत. अंधार पडेपर्यंत तिथे बसलो आणि एकच हिशेब करत राहिलो, दादाला खात्री आहे, म्हणजे मी तसाच आहे. बाबांनी शोधून काढलं. मारलं नाही. म्हणाले, "काहून पळाला बापू? पोरगी पसंत नव्हती तं पहिलेच सांगतं." पोरगी पसंत आहे हे मला सांगता आलं नाही.

जानरावांनी निरोप पाठवला आहे, जानेवारीअखेर हो की नाही ते कळवा, मग आम्ही दुसरीकडे पाहू.

तुझ्यावर राग आहे. पण रागातही एक गोष्ट सुटत नाही. तो तुझ्या ओळखीचा माणूस, त्याला कोणीतरी आवडलं होतं ना? मला कोणीच आवडलेलं नाही. मान्य केलं तर अर्धी भीती संपते म्हणालास. मी त्या स्टेशनावर शंभरदा मान्य केलं. दर वेळी दहा मिनिटांनी पुन्हा सुरू, 'नक्की ना?' तसा आहे म्हटलं तरी नक्की ना, नाही म्हटलं तरी नक्की ना. हे काय आहे, दादा?

जीवन


अकोला,
११ डिसेंबर

जीवन,

माझं चुकलं. कसं चुकलं ते सांगतो, मग तुला जे वाटायचं ते वाटू दे.

तो ओळखीचा एक जण म्हणजे मीच.

चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून मला माहीत आहे. दुकानात मागे बसून सुई ओवणारा शुभम तू पाहिला आहेस. तो माझा नोकर नाही. सहा वर्षं झाली. माझ्या आईला माहीत नाही. म्हणून तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी तुला वाचलंच नाही, मलाच वाचलं. वाटलं, इतक्या वर्षांनी आपल्या घरात आणखी एक निघाला, मी एकटा नाही. त्या आनंदात तुला ढकललं. तुझं साक्षगंध मी मोडलं.

पण आता शांतपणे बघतो तर तुझं आणि माझं एक नाही. मी जगाला भीत होतो, कोण आवडतं याचा संशय मला एक दिवसही आला नाही. तुला मात्र आवड कुठेच नाही, नुसता संशय आहे. शुभमला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "हे तं आमच्या मायसारखं आहे." त्याची आई, दामिनीकाकू, गॅसचं बटण बंद केल्यावर कोपऱ्यावरून सात वेळा परत येत असे. बटण बंद आहे हे तिला दिसायचं, तरी पटायचं नाही. अमरावतीला पौर्णिमा मॅडम म्हणून मनाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे ती बरी झाली. तू जा.

आणि तोपर्यंत ऐक, तू तसा नाहीस. मी सांगतो. माझ्यापेक्षा कोणाला कळणार?

श्याम


अंजनगाव सुर्जी,
१५ डिसेंबर

श्यामदादा,

मी २१ तारखेला जे लिहिलं होतं, वाटोळं आणि तोंड दाखवू नये, ते तू दुकानात बसून वाचलंस आणि तरीही मला 'वाटोळं झालं नाही' म्हणून लिहिलंस. मला माझी लाज वाटते. माफ कर म्हणणं सोपं आहे, तरी म्हणतो. कोणाला बोलणार नाही.

खोटं का बोलू, तुझं कळल्यावर पहिल्यांदा भीतीच वाटली. आपल्या रक्तात आहे का, तुझ्यासोबत झोपायचो त्याने काही झालं का. मन इतकं नालायक झालं आहे.

पण शेवटची ओळ वाचली आणि महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. बसस्टँडपासून आमच्या विहिरीपर्यंत बरं वाटलं. विहिरीपाशी पुन्हा सुरू झालं. दादा, रोज एक ओळ पाठवशील का? तेवढीच. क्रेटच्या तळाशी ठेव.

जीवन


१६ डिसेंबर
तू तसा नाहीस. श्याम


१७ डिसेंबर
नाहीस. जेव नीट. श्याम


२० डिसेंबर
होय, तू म्हणतोस तसं काल दोनदा लिहायला हवं होतं, एकदाच लिहिलं, पण त्यात काही दडलेला अर्थ नव्हता. घाई होती, लग्नाची ऑर्डर होती. तू तसा नाहीस, तसा नाहीस. श्याम


अंजनगाव सुर्जी,
६ जानेवारी २०२५

श्यामदादा,

काल अमरावतीला जाऊन आलो. बाबा सोबत होते. त्यांना एवढंच सांगितलं की डोक्यात एक विचार अडकला आहे आणि झोप नाही. ते बाहेर बाकावर बसून राहिले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मी मान खाली घालून बोललो. शेवटी त्यांनी विचारलं, आधी कधी एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची सवय होती का? मला बारावीचं वर्ष आठवलं. मोटरपंपाचं बटण बंद केलं की नाही म्हणून मी शेतात तीनतीनदा परत जायचो, बाबा म्हणायचे पोरगं मोठं जबाबदार आहे. मॅडम म्हणाल्या, याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. लोकांना वाटतं तो हात धुण्याचाच असतो. तो कशालाही धरतो, आणि माणसाला जे सगळ्यात जपावंसं वाटतं त्यालाच बहुतेक धरतो.

मी विचारलं, "म्हणजे मी तसा नाही ना, मॅडम?"

त्या म्हणाल्या, "याचं उत्तर मी देणार नाही. पुरुषाला पुरुष आवडणं हा आजार नाही, त्यावर माझ्याकडे औषधही नाही. खात्री करत बसणं हा तुमचा आजार आहे. त्याच्यावर उपचार आहेत."

मला तुझी आठवण आली. मी इतकी वर्षं ज्याला नावं ठेवत होतो त्याला त्या आजारच म्हणत नव्हत्या, आणि जे मी शहाणपण समजून दिवसभर करतो तोच आजार निघाला.

गोळी दिली आहे, गुण यायला काही आठवडे लागतात. त्याशिवाय काम दिलं आहे. बसस्टँडवर मान वर करून चालायचं. छाती तपासायची नाही, फोटो काढायचा नाही. आणि एक वाक्य लिहून रोज मोठ्याने वाचायचं, 'मी तसा असेन, नसेन, मला कधीच शंभर टक्के कळणार नाही.' भीती वर चढेल, तिला चढू द्यायचं, काही न करता बसायचं, ती आपली आपण उतरते म्हणाल्या. पहिल्या वेळी अर्ध्यावरच कागद मिटला.

बाहेर आल्यावर बाबांना मंत्रचळ सांगितलं. ते म्हणाले, "हात तं तू जेवाच्या पहिलेही धुत नाही, मंग तुले मंत्रचळ कसा?"

आता तुझं. तुझ्या त्या एका ओळीच्या चिठ्ठ्या मी पाकिटात नेल्या होत्या. मॅडमनी त्या पाहिल्या. म्हणाल्या, भावाचा जीव आहे तुमच्यावर, पण या चिठ्ठ्यांवर तुमचा आजार जगतो. त्या बंद करा. त्यामुळे मीच सांगतो आहे, आता पाठवू नकोस. मी मागितली तरी पाठवू नकोस.

जीवन


अकोला,
८ जानेवारी

जीवन,

म्हणजे मी दोनदा चुकलो. एकदा 'तू आहेस' म्हणून आणि एकदा 'तू नाहीस' म्हणून.

दामिनीकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माह्या पोराले डॉक्टरीण बाईनं सांगतलं होतं, मायनं विचारलं बटन बंद आहे का, तं बोलूच नको. चार दिवस मले वाटलं पोरगं वैरी झालं." म्हणजे शुभमने हे केलं आहे. मला कधी सांगितलं नव्हतं.

तुला काही दुसरं लिहिलं तरी तू त्यातही उत्तर शोधशील, हे मला आता कळतं. म्हणून उद्यापासून क्रेट रिकामं येईल. त्यात चिठ्ठी नसली तरी मी आहे, एवढं शेवटचं.

श्याम


अंजनगाव सुर्जी,
१४ जानेवारी

श्यामदादा,

आज संक्रांत. मॅडमना कळणार नाही. एकदाच लिही. एक अक्षर लिहिलं तरी चालेल, नुसतं 'ना'. काल बसमध्ये एका माणसाचा खांदा लागला आणि मला वाटलं की मी खांदा मुद्दाम काढला नाही. रात्रभर तोच खांदा. जानरावांना कळवायला सतरा दिवस उरले आहेत. अशा अवस्थेत मी हो म्हणू की नाही? तू म्हणालास खुशीला फसवू नकोस. मग मला खात्री नको का? खात्री कोण देणार, तूच ना? तूच एक आहेस ज्याला कळतं.

एकदाच. मग नाही मागणार.

जीवन


अंजनगाव सुर्जी,
१८ जानेवारी

दादा,

चार दिवस क्रेट रिकामं. तळाशी जो पेपर अंथरतोस तोही काढून उलटा करून पाहिला. कडेला पेनाची खूण आहे का, पाहिलं. एक ठिपका होता, तो चहाचा निघाला.

तुला मनात फार शिव्या दिल्या. आईने विचारलं कोणाशी बोलून राहिला, मी म्हटलं फुलांशी.

आज वाक्य वाचलं. पंचेचाळीस मिनिटं काही न करता बांधावर बसलो. भीती चढली आणि मग उतरली. मी काहीच केलं नव्हतं, तरी उतरली. हे तुला सांगावंसं वाटलं.

जीवन


अंजनगाव सुर्जी,
२ फेब्रुवारी

श्यामदादा,

३० तारखेला मूर्तिजापूरला गेलो, एकटा. दर्यापूरला गाडी थांबली तेव्हा उतरायला पाय शिवशिवत होते. बसून राहिलो.

खुशी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तिथेच बाहेर बोललो. मी तिला सगळं सांगितलं. कबड्डीपासून मंत्रचळापर्यंत. तिचं तोंड उतरलं, आणि मला वाटलं झालं, संपलं. बराच वेळ तिने चप्पलेने माती उकरली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी साडी नेसून दोन वाजेपर्यंत बसून होती. मले वाटलं मीच पसंत नाही. हे तवाच सांगतलं असतं तं मी एवढी रडली नसती."

मी म्हटलं, "पण मला अजून पक्कं सांगता येत नाही. उद्या काय वाटेल, परवा काय वाटेल."

ती म्हणाली, "दिवसभर लोकायचे रिपोर्ट काढतो आमी. असा रिपोर्ट कोन्याच मशीनमधून निघत नाही. मलेही कुठं पक्कं माहीत आहे, दहा वर्षांनं तुमी मले आवडान का नाही? आज बोलाले आले, हे आवडलं. बाकीचं नंतर पाहू." मग लगेच असंही म्हणाली की डॉक्टरकडे पुढच्या वेळी मी सोबत येईन, आणि पुन्हा पळालात तर माझा बाप आणायला येणार नाही.

तिने जानरावांना स्वतः सांगितलं, तब्येतीचं होतं म्हणून. साक्षगंध २ मार्चला ठरलं. मी हो म्हटलं तेव्हा खात्री नव्हती, दादा. खात्रीशिवायच म्हटलं.

जीवन


अंजनगाव सुर्जी,
२४ फेब्रुवारी

श्यामदादा,

परवा तुझं रिकामं क्रेट आलं, ते मी धुतलं आणि उन्हात उपडं घातलं. संध्याकाळी लक्षात आलं, आत पाहिलंच नव्हतं.

विचार येतो. आज सकाळीही आला, शेवंती तोडताना. आला तर आला, फुलं गाडीला द्यायची होती. रविवारी हॉलमध्येही येईल, खुशीच्या गळ्यात हार घालताना नेमका येईल, मला माहीत आहे. मॅडम म्हणाल्या, त्याला हाकलू नका, घाला हार. अजून काही दिवस वाईट जातात. गोळी चालू आहे.

आता माझी एक मागणी आहे, आणि तो प्रश्न नाही, भिऊ नकोस. हार घालताना नवरदेवाच्या मागे भाऊ उभा राहतो. माझ्या मागे तू उभा राहणार. शुभमला घेऊन ये. हारांचं टोपलं धरायला किंवा दुकानातला माणूस म्हणून आणू नकोस. पाहुणा म्हणून आण. मावशीला काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बाबांना एवढंच म्हटलं, दादासोबत एक जण येणार आहे, माझ्या पंगतीत बसेल. बाबा म्हणाले, "येऊ दे ना मंग, पंगत काय मोजून ठेवली का?"

एके काळी मी माणसाच्या खांद्याला खांदा लागला म्हणून रात्रभर जागा राहिलो. रविवारी माझ्या एका बाजूला तू बस, दुसऱ्या बाजूला त्याला बसव. मला तसंच जेवायचं आहे.

जीवन


अकोला,
२५ फेब्रुवारी

जीवन,

आजचं क्रेट रिकामं नाही, म्हणून दचकू नकोस.

गेले सात आठवडे रोज सकाळी क्रेटमध्ये पेपर अंथरताना हात खिशातल्या पेनाकडे जायचा. संक्रांतीच्या दिवशी तर मी 'ना' लिहिलंही होतं. शुभमने ते माझ्या हातातून घेतलं आणि चुरगळून टाकलं. मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही. तू त्याचे आभार मान, माझे नकोत.

तुझी कालची चिठ्ठी दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याला वाचायला दिली. त्याने ती वाचली, घडी घातली, आणि बराच वेळ शेवंतीत सुई घालत राहिला. मला वाटलं नाही म्हणेल. सहा वर्षांत आमच्या घरच्या किती लग्नांचे हार त्याच्या हातचे गेले, तो एकाही लग्नाला आला नाही. मी नेलंच नव्हतं, आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं.

मग त्याने मान वर न करता विचारलं, "मी काय घालून येऊ?"

पांढरा सदरा इस्त्रीला दिला आहे. आम्ही दोघं येतो.

श्याम